म्हैस विकण्याआधी: कोल्हापूर जिल्ह्यात मोफत वकील कसा मिळवायचा

वाटणीच्या दाव्याचं समन्स घरी आलं आणि तिसऱ्या दिवशी आमच्या वडिलांनी दुभती म्हैस विकली. वकिलाची फी द्यायची होती. साल 2003. दाव्यात आईचंही नाव होतं, आणि बाई असल्यामुळं तिला सरकारी खर्चानं वकील मिळाला असता. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. समन्स घेऊन आलेल्या बेलिफानं सांगितलं नाही, गावातल्या जाणत्यांनीही सांगितलं नाही. कायदा तेव्हा आठ वर्षं लागू होता.

पुढं मी पॅरा लीगल व्हॉलंटियर झाले, म्हणजे लोकांना कायद्याची मदत मिळवून देणारी स्वयंसेविका. लोक नुसतं पीएलव्ही म्हणतात. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतल्या गावांत फिरताना अजूनही तीच गोष्ट दिसते. माणसं आधी दागिने मोडतात, सोसायटीचं कर्ज काढतात, आणि पैसा संपला की मग विचारतात, “ताई, सरकारी वकील मिळतो म्हणं, खरं हाय का?” खरं आहे. फक्त त्याला ‘सरकारी वकील’ म्हणू नका. सरकारी वकील फौजदारी खटल्यात सरकारची बाजू मांडतो. तुम्हाला मिळतो तो विधी सेवा प्राधिकरणानं नेमलेला वकील. तो तुमचाच असतो, त्याची फी तेवढी प्राधिकरण देतं.

हा हक्क आला कुठून

कार्यालयात गेल्यावर कुणी उपकार केल्यासारखं बोललं, तर मनातल्या मनात का होईना उत्तर तयार हवं. म्हणून एवढं वाचाच.

1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत अनुच्छेद 39-अ आला. पैशाअभावी किंवा दुसऱ्या कुठल्या अडचणीमुळं कुणाचीही न्यायाची संधी हुकू नये आणि त्यासाठी राज्यानं मोफत विधी सहाय्य द्यावं, असं तो सांगतो. त्याआधी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती भगवती यांच्या समित्यांनी या कामाचा पाया घातला होता. 1978 साली महाराष्ट्रातल्याच हॉस्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे. 1986 सालचा सुक दास खटला तर मला प्रत्येक गावसभेत सांगावासा वाटतो. अरुणाचल प्रदेशातल्या त्या आरोपीनं वकील मागितलाच नव्हता, कारण मागता येतो हे त्याला माहीत नव्हतं. न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली. आरोपीनं मागितलं नाही ही सबब चालणार नाही, त्याला त्याचा हक्क सांगणं हे न्यायाधीशाचं काम आहे, असा त्या निकालाचा अर्थ.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 सालचा आहे, पण तो लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. म्हणून 9 नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. आपल्या मातीत हा विचार त्याच्याही आधीचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या होत्या. न्याय मागणाऱ्याच्या बाजूनं बोलणारं माणूस उभं राहिलं पाहिजे, हे या संस्थानाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

दिल्लीपासून तालुक्यापर्यंत

सगळ्यात वर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे ‘नालसा’. देशाचे सरन्यायाधीश त्याचे आश्रयदाते असतात आणि सर्वोच्च न्यायालयाचे ज्येष्ठ न्यायमूर्ती कार्याध्यक्ष. धोरणं, योजना आणि नियम तिथं ठरतात. केंद्राचा पैसा राष्ट्रीय विधी सहाय्य निधीत येतो, तिथून राज्यांना आणि पुढं जिल्ह्यांना जातो. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी तिथं वेगळी विधी सेवा समिती आहे.

त्याखाली मुंबईत महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण. उच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी उच्च न्यायालय विधी सेवा समिती. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ज्याचे अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश असतात. रोजचा कारभार सचिव बघतात आणि ते स्वतः न्यायाधीशच असतात. कोल्हापुरात हे कार्यालय कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आहे. सगळ्यात खाली तालुका विधी सेवा समिती, तिचे अध्यक्ष त्या ठिकाणचे सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश.

या उतरंडीतलं एकच लक्षात ठेवायचं म्हटलं तर हे ठेवा: तुमचं दार सगळ्यात खालचं आहे, आणि ते बहुतेक वेळा एका एसटीच्या अंतरावर आहे. चंदगडच्या माणसाला मोफत वकिलासाठी कोल्हापूर गाठायची गरज नाही. गारगोटी, गडहिंग्लज, इचलकरंजी, पेठ वडगाव, जयसिंगपूर, कुरुंदवाड, जिथं तुमच्या गावाचं कोर्ट आहे तिथंच विचारायचं. जिल्ह्यात बारा तालुके आहेत, पण तालुक्याचं गाव आणि कोर्टाचं गाव एकच असेल असं नाही. शिरोळ तालुक्याची कोर्टं जयसिंगपुरात आणि कुरुंदवाडात आहेत. चुकून दुसऱ्या पातळीवर अर्ज दिला तरी घाबरू नका. ज्या कार्यालयाच्या हद्दीत विषय येतो तिकडं तो पाठवणं हे त्यांचं काम आहे.

तुम्ही बसता का यात

अधिनियमाच्या कलम 12 मध्ये यादी आहे. लोकांची सगळ्यात मोठी चूक इथं होते. ही योजना फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आहे असं त्यांना वाटतं. तसं नाही.

महिलेला उत्पन्नाची अट नाही. घरची बागायत असो, नवरा नोकरीला असो, काही फरक पडत नाही. लहान मुलांना अट नाही. अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना नाही, अपंग व्यक्तींना नाही, मानवी तस्करीच्या किंवा वेठबिगारीच्या बळींना नाही. औद्योगिक कामगारांना नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावर किंवा शिरोलीच्या फौंड्रीत राबणाऱ्या माणसाचं देणं थकलं, कामावरून काढलं, तर त्यानं हे कलम विसरू नये. पोलीस कोठडीत, तुरुंगात, बालगृहात, सुधारगृहात किंवा मनोरुग्णालयात असलेल्या कुणालाही अट नाही.

आणि एक गट असा आहे, ज्याच्याकडं आपल्या जिल्ह्यात कुणाचंच लक्ष जात नाही: मोठ्या आपत्तीत सापडलेली माणसं. महापूर, दुष्काळ, भूकंप, औद्योगिक दुर्घटना, जातीय अत्याचार. कायद्याचा भाव असा, की स्वतःचा काही दोष नसताना ज्याच्यावर हलाखी ओढवली तो पात्र. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या कितीतरी घरांची कागदपत्रं पाण्यात गेली, भिंती पडल्या, पंचनाम्यावरून वाद झाले. नुकसानभरपाईच्या त्या भांडणात त्यांना मोफत वकील मागता आला असता. फार थोड्यांनी मागितला.

यांपैकी कुठल्याच गटात नसाल, तर उत्पन्न बघितलं जातं. महाराष्ट्रात वार्षिक 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेला कुणीही पात्र आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी ही मर्यादा 5 लाख आहे.

परजिल्ह्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांनी आपण ‘इथले नाही’ म्हणून मागं राहू नये. कारखान्याच्या हंगामात इथं काही घडलं, तर अर्ज इथंच करायचा. उचलीपोटी कुणाला अडकवून ठेवलं असेल, तर तो वेठबिगारीचा विषय होतो आणि मग उत्पन्नाचा प्रश्नच उरत नाही.

कोणत्या कामासाठी

फक्त कोर्टातल्या खटल्यासाठी नव्हे. कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दात महसूल न्यायालयं, न्यायाधिकरणं आणि न्यायनिवाडा करणारे अधिकारी येतात. म्हणजे तहसीलदारांपुढची रस्त्याची केस, प्रांतांपुढचं फेरफाराचं अपील, कामगार न्यायालय, ग्राहक आयोग, सगळीकडं हा वकील मागता येतो. नोटिशीला उत्तर द्यायचं असेल किंवा नुसता सल्ला हवा असेल, तरी तो विधी सेवेतच मोडतो.

खर्चात वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, टायपिंग, कागदपत्रांचं भाषांतर आणि निकालाच्या नकलांचा खर्च येतो. शिवाय पोटगी, मालमत्ता, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महिलांना महाराष्ट्रात 1994 पासून कोर्ट फी माफ आहे. हे खासगी वकील लावलेल्या बाईलाही लागू आहे.

अर्ज: इथं घाई करा आणि नीटही करा

जाण्याआधी घरातले सगळे कागद एका पिशवीत गोळा करा. आलेली नोटीस किंवा समन्स, ते कोणत्या तारखेला हातात पडलं त्याची नोंद, आधार कार्ड, रेशन कार्ड, जमिनीचा वाद असेल तर सात-बारा, आठ-अ आणि फेरफाराचे उतारे, फौजदारी असेल तर एफआयआरची प्रत. ही प्रत फिर्यादीला पोलिसांनी फुकट द्यायची असते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीनं जातीचा दाखला, अपंग व्यक्तीनं अपंगत्वाचा दाखला घ्यावा.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल सविस्तर सांगते, कारण या एका कागदापायी मी माणसं परत जाताना बघितली आहेत. कुरुंदवाडकडच्या एक मावशी पोटगीसाठी एका कार्यालयात गेल्या होत्या. त्यांना तीन वेळा उत्पन्नाचा दाखला आणायला परत पाठवलं. त्यांना त्याची गरजच नव्हती, कारण त्या बाई होत्या. आणि ज्यांना उत्पन्नाची अट लागू आहे, त्यांच्यासाठीही कायद्याच्या कलम 13 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की उत्पन्नाबद्दलचं शपथपत्र पुरेसं मानता येतं. त्यावर अविश्वास ठेवण्याचं कारण असेल तरच पुढची चौकशी. तहसीलचा दाखला जवळ असेल तर जोडा. नसेल तर त्यासाठी महिना घालवू नका. शपथपत्र द्या.

अर्जाचा छापील नमुना कार्यालयात मिळतो. साध्या कागदावर, मराठीत, हातानं लिहिलेला अर्जही चालतो. लिहिता-वाचता येत नसेल तर तोंडी सांगायचं. तिथले कर्मचारी किंवा पीएलव्ही लिहून घेतात आणि अंगठा घेतात. साध्या कागदावर लिहिणार असाल, तर मी लोकांना असा मजकूर देते:

“मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोल्हापूर यांस. विषय: मोफत विधी सहाय्य मिळणेबाबत. मी (पूर्ण नाव, वय, गाव, तालुका, फोन) विनंती अर्ज करते की, माझ्याविरुद्ध (न्यायालयाचे नाव) येथे दिवाणी दावा क्रमांक (अमुक) दाखल असून मला (अमुक) तारखेस समन्स मिळाले आहे. पुढील तारीख (अमुक) आहे. मी महिला असल्याने विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे पात्र आहे. तरी मला वकील नेमून द्यावा. सोबत समन्स व आधारची प्रत जोडली आहे.”

एवढंच. घरच्या भांडणाची चार पानं इथं लिहू नका, ती वकिलाला सांगायची असतात. समन्स मिळाल्याची तारीख आणि पुढची तारीख मात्र विसरू नका, कारण त्यावरूनच काम किती तातडीचं आहे हे समजतं.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन पोच ठेवा. ही पोच म्हणजे तुमचा पुरावा. नालसाच्या नियमांप्रमाणे अर्जावर लगेच निर्णय व्हायला हवा आणि फार तर 7 दिवसांत. पोच नसेल तर सात दिवस कधीपासून मोजणार?

प्रत्यक्ष जाता येत नसेल, तर 15100 या क्रमांकावर फोन करा. देशभर हाच एक क्रमांक आहे. नालसाच्या संकेतस्थळावरही अर्ज भरता येतो. नुसता सल्ला हवा असेल, तर गावातल्या आपले सरकार किंवा सीएससी केंद्रावर ‘टेली-लॉ’मधून वकिलाशी बोलता येतं. त्याचा क्रमांक 14454. तरीही माझा अनुभव असा, की दाव्याची तारीख जवळ असेल तर स्वतः जावं. कागद बघून माणूस लगेच कामाला लागतो, फोनवर तसं होत नाही.

दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्यावरचं आपलं लेखी उत्तर, द्यायची असते. न्यायालय मुदत वाढवून देऊ शकतं, पण साधारण 90 दिवसांपर्यंतच. कैफियत गेली नाही, तर समोरच्याचंच म्हणणं कोर्टापुढं राहतं. समन्स देवघरात ठेवून ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणाऱ्या घरात मी हमखास हे तीस दिवस मोजून दाखवते.

वकील मिळाल्यावर

नेमणुकीचं पत्र तुम्हाला आणि वकिलांना जातं. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीतल्या, एखाद्या वकिलांचं नाव तुम्हाला हवं असेल, तर अर्जातच लिहा. सचिव ते विचारात घेऊ शकतात. पॅनेलवर येण्यासाठी वकिलाला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो.

“पोरी, फुकटचा वकील फुकटातच काम करणार की गं,” असं त्याच मावशी म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, “फुकटचा न्हाई मावशी. त्यास्नी प्राधिकरण पैसे देतंय, आणि तुमच्याकडनं एक रुपया घ्यायचा न्हाई असा नियम हाय.” नियम खरंच तसा आहे. पॅनेलवरच्या वकिलानं पक्षकाराकडून फी, भेट, वाटखर्च, कुठल्याही नावानं काही घ्यायचं नाही. कुणी मागितलं, तर देऊ नका आणि सचिवांकडं लेखी तक्रार करा.

मावशींची भीती मात्र अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. वकिलांना मिळणारं मानधन कमी असतं आणि त्यांच्याकडं इतर कामंही असतात. म्हणून पक्षकारानं जागं राहावं लागतं. पहिल्या भेटीत सगळे कागद दाखवा आणि मूळ कागद स्वतःकडं ठेवून झेरॉक्स द्या. घडलेल्या गोष्टींची तारीखवार एक यादी करून न्या. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते भरलेलं आहे का बघा. प्रकरणाचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला, की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. घरातलं नववी-दहावीचं पोरगंसुद्धा हे बघून सांगतं. तारखेला शक्य तितकं स्वतः हजर राहा.

वकील येत नसतील, फोन उचलत नसतील, तर बदलून मागता येतो. आधी भेटून बोला. सुधारणा झाली नाही, तर कोणत्या तारखांना ते हजर नव्हते ते लिहून सचिवांना अर्ज द्या. प्रत्येक पातळीवर देखरेख समिती असते. दिलेल्या प्रकरणांची प्रगती बघणं हेच तिचं काम. खोटी माहिती दिली किंवा वकिलाला सहकार्य केलं नाही, तर तुमचीही मदत काढून घेतली जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

अर्जच नाकारला तर? कारण लेखी मागा आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडं, म्हणजे प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडं अपील करा. त्यासाठी वेगळा वकील लागत नाही.

लेकीचा वाटा

माझ्याकडं येणाऱ्या कामांत सगळ्यात जास्त हेच असतं, म्हणून थोडं थांबते. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. 2020 साली विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानं मिळतो आणि 2005 साली वडील हयात असायला हवेत अशी अट नाही. तरीही ऊस वाढतो आणि बहिणीच्या हातात हक्कसोड पत्र येतं. राखी पौर्णिमेला आलेली बहीण सही करून जाते.

सही करण्याआधी तो कागद घेऊन तालुका विधी सेवा समितीकडं जाता येतं. दावा लावायचा नसेल तरी चालेल. ‘यावर सही केली तर काय होईल’ एवढं विचारायला जा. हक्क सोडायचा की नाही हा प्रत्येकीचा निर्णय, पण तो समजून घेतलेला असावा. आपल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 2022 साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचं देशभर नाव झालं. कुंकू राहिलं हे चांगलंच झालं. सात-बारावर नाव लागलं का, हे त्या बाईला कुणीतरी विचारावं, असं मला सारखं वाटतं.

पोलिसांनी नेलं तर

अटक झालेल्या माणसाला 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं हजर करावंच लागतं. तिथं रिमांडसाठी नेमलेला वकील असतो. न्यायाधीश विचारतील, ‘वकील आहे का?’ ‘नाही’ म्हणायला लाजू नका. ‘मोफत वकील हवा’ एवढं स्पष्ट बोला. पोलीस ठाण्यात चौकशी चालू असतानाही वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. घरच्यांनी तोवर प्राधिकरणाला कळवावं. माणूस ताब्यात आहे म्हणजे उत्पन्न विचारलं जात नाही.

2022 पासून नालसानं फौजदारी कामासाठी वेगळी व्यवस्था आणली. आपल्याकडं तिला लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतात. इथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात, खासगी प्रकरणं घेत नाहीत. आरोपीचा जामीन, सुनावणी, अपील ते बघतात. पॅनेलच्या वकिलाबद्दलची जी धास्ती वर सांगितली, तिच्यावर मला हा सगळ्यात चांगला उतारा वाटतो.

माणूस कळंबा कारागृहात असेल, तर तिथंही विधी सेवा केंद्र असतं. कैद्यानं अधीक्षकांमार्फत अर्ज दिला तरी तो प्राधिकरणाकडं जातो. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत बसलेली माणसं असतात. अशांसाठी अटी शिथिल करण्याचा अर्ज हाच वकील करतो. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. इतरांसाठी ही मुदत निम्मी आहे. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना, आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही. घरच्यांनी अटकेची तारीख आणि कलमं एका कागदावर लिहून वकिलांना द्यावीत. दिवस मोजणारं कुणीतरी लागतं.

गुन्ह्याची झळ ज्यांना बसली, त्यांच्यासाठीही हेच दार आहे. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना मनोधैर्य योजनेतून अर्थसहाय्य मिळतं, आणि त्याचा निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करतं. खटल्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

लोकअदालतीत बसण्याआधी

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही ठरावीक शनिवारी भरते. मोटार अपघाताची भरपाई, चेक न वटल्याची प्रकरणं, बँकेची थकबाकी, वीज आणि पाणीपट्टीचे वाद, पोटगी, तडजोड होऊ शकणारे फौजदारी गुन्हे तिथं मिटतात. घटस्फोट आणि तडजोड न होणारे गुन्हे तिथं घेत नाहीत. दावा दाखल होण्याआधीचा वादही तिथं नेता येतो. कोर्टात चालू असलेलं प्रकरण मिटलं, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

पण तडजोडीच्या पुरशीसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी कागदावर, सही करताना सावध राहा. लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. मंडपात गर्दी असते, सगळे ‘मिटवा, मिटवा’ म्हणत असतात. रक्कम किती, हप्ते किती, पहिला हप्ता कधी, चुकला तर काय, हे वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. पटत नसेल तर ‘नाही’ म्हणा. प्रकरण होतं तिथंच, होतं तसंच कोर्टात परत जातं, तुमचं काही बिघडत नाही.

निकाल विरोधात गेला तर

खालच्या कोर्टात मोफत वकील होता म्हणून अपिलात मिळणार नाही, असं काही नाही. उलट खासगी वकील लावून पैसा संपला असेल, तरी अपिलाच्या टप्प्यावर नव्यानं अर्ज करता येतो. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस आणि उच्च न्यायालयात 90 दिवस. फौजदारी शिक्षेवर सत्र न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 60. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, पण त्या भरवशावर बसू नये.

उच्च न्यायालय म्हटलं की इतकी वर्षं रात्रीची मुंबईची गाडी, लॉजचं भाडं आणि बुडालेला रोजगार हे आधी डोळ्यांपुढं यायचं. अनेकांनी केवळ त्या खर्चापायी अपील सोडून दिलं. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं चालतात. सीपीआर रुग्णालयासमोर, भाऊसिंगजी रस्त्यावरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. उच्च न्यायालयातला मोफत वकील मागण्याचा अर्ज तुमच्या तालुक्याच्या समितीत किंवा बावड्याच्या कार्यालयात दिला तरी तो पुढं पाठवला जातो. सोबत खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल जोडा, आणि निकालाची तारीख अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.